चावी आज कोणाकडे आहे?

(कुंभकोणम. पांडुरंगरावांच्या घरापुढची तिण्णै, म्हणजे ओटा.)

विजयलक्ष्मी : म्हणजे सरकार छापील खोटं बोललं, मामा.

पांडुरंगराव : खोटं कुठं? मी लेखी विचारलं, 'गर्ल्स हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत रेशनिंग ऑफिस आहे, हे खरे काय?' उत्तर आलं, 'नाही.' रेशन उठलं, ऑफिस उठलं. नाही म्हणजे नाहीच की.

विजयलक्ष्मी : आणि त्यांचे तराजू? पोती? मोडकी टेबलं? दाराला नारळाएवढं कुलूप आहे. माझ्या मैत्रिणीनं, अलमेलूनं, खिडकीच्या फटीतून पाहिलंय. आत उंदीर सायन्स शिकतायत आणि आम्ही बाहेर.

पांडुरंगराव : पोत्यांचं मी विचारलंच नव्हतं. सरकार विचारलं तेवढंच सांगतं. तुझ्या मामीसारखं नाही, एक विचारावं आणि दहा ऐकावीत.

मीनाक्षीबाई : दहा ऐकवत्ये म्हणून एम. एल. ए. झालात. नाहीतर अजून मुन्सफ कोर्टाच्या पायरीवर अशिलाची वाट बघत बसला असता. घे गे विजू, कॉफी. आणि यांना सांग तुझ्या आप्पांनी काय ठरवलंय ते.

विजयलक्ष्मी : जूनमध्ये शाळा उघडायच्या आत खोली मिळाली तरच हेडमिस्ट्रेस फिफ्थ फॉर्मला सायन्स ठेवणार. नाहीतर आम्हां सगळ्यांना गृहशास्त्र. आप्पा म्हणतात, रसम करायला अम्मा घरीच शिकवते, त्यासाठी शाळा कशाला? शाळेतलं नाव काढायचं आणि तंजावूरच्या त्या मुलाला हो म्हणायचं.

मीनाक्षीबाई : नाक सुरेख आहे त्याचं.

विजयलक्ष्मी : नाकाशी लग्न करून डॉक्टर होता येत नाही, मामी.

पांडुरंगराव : सरी, ठीक आहे. पुन्हा प्रश्न घालू. अधिवेशन चालू आहे तोवर वेळ आहे. पण काय विचारू? 'पोती आहेत काय' म्हटलं, तर एका रात्रीत पोती काढतील, टेबलं ठेवतील आणि पुन्हा 'नाही'.

विजयलक्ष्मी : 'आहे काय' विचारूच नका. आमच्या वर्गातली सुंदरी आहे ना, हो-नाहीचा प्रश्न आला की पुस्तक न उघडता निम्मे मार्क काढते. पण 'कोण, कुठं, केव्हा' विचारलं की घामाघूम होते. सुंदरीला विचारावं तसं सरकारला विचारा.

पांडुरंगराव : हं. बोल तू. मी लिहितो.

विजयलक्ष्मी : अ. त्या खोलीची चावी आज कोणाकडे आहे? आ. आतलं सामान कोणत्या खात्याचं? इ. चावी हेडमिस्ट्रेसच्या हाती कोणत्या तारखेला देणार? ई. शाळेतल्या मुलींपेक्षा उंदरांची जास्त काळजी घेताना सरकारला लाज वाटते काय?

पांडुरंगराव : पुन्हा 'काय' आलं. उत्तर छापून येईल, 'नाही.'

मीनाक्षीबाई : आणि तेवढं मात्र अगदी खरं असेल.

पांडुरंगराव : शिवाय प्रश्नात टोमणा दिसला की असेंब्लीचा सेक्रेटरी अख्खा प्रश्न बाजूला ठेवतो. तुझा 'ई' गेला. बाकीचे तीन सोन्यासारखे आहेत.

विजयलक्ष्मी : पण मामा, मंत्री बसलेत मद्रासला. कुंभकोणमच्या एका कुलपाचं त्यांना काय ठाऊक?

पांडुरंगराव : ठाऊक नाही, म्हणून तर मजा. ते कलेक्टरला विचारणार, कलेक्टर तहसीलदाराला, तहसीलदार शिपायाला. आणि परत वर जाताना प्रत्येकाला आपल्या सहीनं लिहून द्यावं लागणार. उद्या ते चुकीचं ठरलं तर मंत्री सभागृहात तोंडघशी पडतो, आणि तो पडला की खालच्या कोणाची झोप राहत नाही. भाषणात मी तासभर ओरडलो तरी हे होत नाही.

मीनाक्षीबाई : ते मला माहीत आहे. मी ऐकलीयत तुमची भाषणं.

(एप्रिलचा शेवट. पांडुरंगरावांच्या घरापुढची तीच तिण्णै, तिसरा प्रहर.)

विजयलक्ष्मी : मामी, निरोप मिळाला तशी पळत आल्ये. उत्तर आलं?

मीनाक्षीबाई : उत्तर शुक्रवारी. आज सकाळी तहसीलदार आले होते. स्वतः. दोन डांगर पच्चडीच्या वाट्या संपवल्या आणि हे ठेवून गेले.

विजयलक्ष्मी : ही... त्या कुलपाची?

पांडुरंगराव : त्याच कुलपाची. हातात घे, चावत नाही. म्हणाले, खोली तुमची, पोरींना सांगा. फक्त शुक्रवारच्या आत तेवढा प्रश्न मागे घ्या. वरून फार विचारणा होत्ये, बिचारा रडकुंडीला आलाय. मी म्हणतो, घ्यावा. तुला खोली हवी होती, मिळाली.

विजयलक्ष्मी : मिळाली. म्हणजे सायन्स मिळालं. आप्पांना आजच सांगते. मी फिफ्थ फॉर्म... थांबा.

मीनाक्षीबाई : का गे? चेहरा का उतरला?

विजयलक्ष्मी : ही तुमच्याकडे का दिली? हेडमिस्ट्रेसकडे का नाही?

पांडुरंगराव : प्रश्न माझा, म्हणून माझ्याकडे.

विजयलक्ष्मी : आणि पोती?

पांडुरंगराव : काढतील हळूहळू.

विजयलक्ष्मी : हळूहळू म्हणजे कोणत्या तारखेला? मामा, प्रश्न मागे घेतला की त्यांना काहीच लिहून द्यावं लागणार नाही. जूनमध्ये म्हणतील, सामान ठेवायला जागा नाही, जरा चावी द्या. तेव्हा आपण काय दाखवणार?

पांडुरंगराव : आणि मागे नाही घेतला तर? 'तारीख विचाराधीन आहे' असं उत्तर येईल. लेखी प्रश्नाला वर उपप्रश्न नसतो. जून निघून जाईल आणि तुझ्या आप्पांना मी थांबवू शकणार नाही. नीट विचार कर, कुट्टी. चावी हातात आहे.

विजयलक्ष्मी : विचारच करत्ये. चावी देताना त्यांनी काही लिहून घेतलं?

पांडुरंगराव : चिठ्ठीवर सही केली. 'चावी पोचली.' रीतच आहे.

मीनाक्षीबाई : वकील असून?

पांडुरंगराव : त्यात काय बिघडलं?

विजयलक्ष्मी : शुक्रवारचं उत्तर वाचून दाखवू? 'अ. चावी आज प्रश्न विचारणाऱ्या माननीय सदस्यांच्याच घरी आहे.'

पांडुरंगराव : ...अय्यो.

विजयलक्ष्मी : मागे घ्या नाहीतर घेऊ नका, तहसीलदार दोन्हीकडून मोकळे. आणि सही तुमची.

मीनाक्षीबाई : माझी पच्चडी खाऊन गेला मेला.

पांडुरंगराव : तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, न वाचता सही करू नका. बरं. आता काय करायचं? ठरव तू. वर्ष तुझं जायचं आहे, माझं नाही.

विजयलक्ष्मी : प्रश्न राहू द्या. माझ्या एकटीचा असता तर चावी घेऊन पळाल्ये असते. पण अलमेलू आहे, सुंदरीसुद्धा आहे, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या. छापून आलं की ते सगळ्यांचं होतं.

पांडुरंगराव : आणि 'विचाराधीन' आलं तर?

विजयलक्ष्मी : तर पुढच्या अधिवेशनात, विचार कोण करतंय ते नावानिशी विचारू. मी लिहून देत्ये, टोमणा न घालता. आप्पांनी नाव काढलं तरी देईन.

मीनाक्षीबाई : नाव कसा काढतो बघत्ये. माझ्या माहेरच्या नात्यातलाच तो, त्याच्या मुंजीत त्याला मांडीवर धरून बसल्ये होत्ये मी. तुम्ही बोटं कसली मोजताय?

पांडुरंगराव : मद्रासला तार करायची आहे, 'प्रश्न कायम.' तेवढे शब्द मोजतोय. विजू, ही चावी आजच कचेरीत परत गेली पाहिजे. शिपायाबरोबर धाडू?

विजयलक्ष्मी : मी नेत्ये. हेडमिस्ट्रेसना बरोबर घेत्ये. तहसीलदारांनी ती माझ्यासमोर बाईंच्या हातात द्यायची आणि पोती उचलायची तारीख लिहायची. नाही जमलं, तर चावी परत घेतल्याची पावती द्यायची. सही त्यांची, तारीख आजची. दोन्हींतलं काहीतरी घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

पांडुरंगराव : साहेब बाहेर गेलेत, म्हणतील.

विजयलक्ष्मी : येतील तोवर बसू.

मीनाक्षीबाई : मग आधी आत ये, दहीभात खाऊन जा. त्या कचेरीत फार वेळ बसवून ठेवतात.