सव्वीस मिनिटं

"हॅलो?"

धाकटीनं फोन कानाला लावला आणि क्षणभर तिला वाटलं, आईच बोलतेय. ताईचा आवाज फोनवर हुबेहूब आईचा येतो, त्यातून ती दमलेली असली की जास्तच. लहानपणी गोंगाट सोसेनासा झाला की धाकटी कपड्यांच्या कपाटात शिरून दार ओढून घ्यायची. आई बाहेर फरशीवर बसकण मारून हळूच म्हणायची,

माझ्या गं लेकीला नको गडबड गलका,
बसते मी दाराशी, श्वास घे तू हलका.

आई जाऊन बारा वर्षं झाली. आवाज तेवढा ताईच्या गळ्यात राहायला गेला.

"हो ताई, ऐकतेय… नाही गं, झोपले नव्हते, काम चाललंय… हो, वाचनालयाचंच पुस्तक. पार उसवलंय… अगं तू पळतेयस का? धाप लागलीय तुला."

जुनी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, हा धाकटीचा उद्योग. घरच्या घरी, एकटीनं. आत्ताही खिडकीपासून दारापर्यंत पानांचे गठ्ठे ओळीनं मांडलेले होते, एकूण एकतीस.

"कोण, ठिपकी?… काय झालं तिला?… जेवत नाही म्हणजे?… बरं… आणि अंथरूण? अगं पण ते तर केव्हाच थांबलं होतं ना?"

ठिपकी म्हणजे ताईची लेक. हनुवटीवर तीळ, म्हणून ठिपकी. वय वर्षं सहा. दर शनिवारी मावशीकडे यायची. धाकटीच्या आठवड्यात बाकीचे सहा दिवस होते ते त्या सातव्यापर्यंत पोचण्यासाठी.

"कधीपासून म्हणालीस?… रविवारपासून… हं… आणि विचारलं की काय म्हणते?… 'काही नाही.'… नुसतं 'काही नाही'?"

धाकटीनं हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. पहिल्यांदा चुकली, बोटात गेली.

"काही नाही, सुई लागली… कोण बाई?… वर्गाच्या? अगं त्या कशाला काही करतील! ठिपकी तर त्यांचं नाव काढलं की… नाही, मला काय माहीत, तीच सांगते म्हणून… चित्र? काय काढलंय चित्रात?… दार. बरं… आणि तोंड. नुसतं तोंड. उघडं."

पुढचं वाक्य ऐकताना धाकटी भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे तू आत्ता शाळेतच निघालीयस?… मुख्याध्यापकांकडे? आणि लेखी तक्रार?… अगं त्या बाईंची नोकरी जाईल… हो, पोरीपुढे कुणाची नोकरी मोठी नाही, कबूल… पण ताई, ऐक ना… ऐक ना गं… अगं ऐक ना माझं!"

फोन ठेवून देता आला असता. धाकटी तशी सगळ्यांचेच फोन आधी ठेवते. दुसऱ्यानं ठेवला की पुढे जो सूर वाजतो, तो तिच्या छातीत दिवसभर वाजत राहतो. म्हणून ती वाक्य अर्धं असतानाच बटण दाबून मोकळी होते. अंगठा आत्ताही तिथंच गेला होता.

"कुठवर पोचलीस?… औषधाच्या दुकानापाशी. मग तिथंच थांब जरा, सावलीला… नाही, तब्येत ठीक आहे. गोळ्या घेतल्या… नाही गं, स्वतःला काही केलेलं नाही मी. शप्पथ… तसलं काही नाही. दुसरंच आहे.

ताई, ते शाळेत नाही झालं. माझ्याकडे झालं. शनिवारी."

"सांगते. पण मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललीस की मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तुला माहितीये… हं. तर मी आत पुठ्ठ्याला लावायची खळ ढवळत होते. गठ्ठे असेच मांडलेले होते. ठिपकी आली, म्हणाली, मावशी, डोळे मीट. मिटले. हात धरून मला खोलीत आणलं आणि म्हणाली, आता उघड… तिनं सगळे गठ्ठे गोळा करून एकावर एक रचले होते, ताई. कडेला कडा लावून. वर स्वतःची रिबीन सोडून बांधली होती. म्हणाली, मी तुझं घर आवरून दिलं."

"रागावले नाही. रागावणं निराळं असतं. मी किंचाळले… किती वेळ ते नाही सांगता येत. पानांवर आकडे असतात, ताई. पुन्हा लावायला दीड तास लागला. अवघा दीड तास."

"हो, त्याच. तुझ्या भाडेकरणी."

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन नावं लिहून दिली होती: ऑटिझम आणि बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. धाकटी तो कागद घेऊन जिन्यात बसली, उठेचना. तेव्हा ताईच म्हणाली होती, अगं, दोन भाडेकरणी आहेत म्हणायचं, तुझ्यात राहतात, भाडं देत नाहीत. धाकटी हसली होती. पुढे कळत गेलं, दोघी कशा आहेत ते. एकीला वस्तू जागची हलली की घर कोसळल्यासारखं होतं, दुसरीला माणूस जागचं हललं की. एक म्हणते, सगळे जा इथून. दुसरी म्हणते, गेलात तर मी जगायची नाही. आणि दोघी एकाच खोलीत.

"नाही ताई, त्यांच्यावर नको ढकलूस. तू माझी बाजू घ्यायला लागलीस की मला जास्त मेल्यासारखं होतं. तोंड माझं होतं. चित्रातलं."

"मग ती म्हणाली, मला घरी जायचंय… एवढंच. घाबरलं पोर, आई हवी झाली. आणि माझ्या मनात काय आलं, तर हीसुद्धा चालली… हो, सगळ्यांसारखीच. मी म्हणाले, जा. जा तुझ्या आईकडे. पुन्हा इथं येऊ नकोस… हो, तिला. आपल्या ठिपकीला म्हणाले.

ताई?… आहेस ना?… बरं. श्वास ऐकू येतोय तुझा."

"नाही, संपलं नाही अजून… मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नळ सोडला, कानांवर हात धरून बसले. बाहेर आले तर दार उघडं. तिचे बूट नाहीत… सव्वीस मिनिटं. घड्याळ बघते ना मी, आत जाताना पण बघते… चौकापलीकडे. ते किल्ल्या करून देणारे काका आहेत ना, त्यांच्या दुकानात स्टुलावर बसली होती. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात… हो, तोच रस्ता… एकटी… मला बघून म्हणाली, मावशी, मी दोन्हीकडे बघून ओलांडला."

पलीकडून जो आवाज आला, त्यानं धाकटीच्या कानात कळ गेली. तिनं फोन हातभर लांब धरला. मग पुन्हा जवळ आणला आणि होता त्याच कानाला घट्ट लावला.

"बोल… बोल तू… खरंय… तेही खरंय… हो, गाडी आली असती… हो, मी काय तोंड दाखवलं असतं… आईचं नाव घेतलंस तरी चालेल. घे."

बराच वेळ ती नुसतं हं म्हणत राहिली. बोटाचं रक्त झग्याला पुसत राहिली.

"ताई… अजून एक राहिलंय. सगळ्यांत वाईट तेच आहे… परत येताना मी तिचे बूट सरळ करून दिले आणि म्हणाले, आईला सांगू नकोस हं. सांगितलंस तर आई तुला माझ्याकडे पाठवायची नाही, मग मी एकटीच मरून जाईन… हो. असंच म्हणाले. याच शब्दांत… म्हणून ती 'काही नाही' म्हणते. जेवत नाही, अंथरूण ओलं करते, पण सांगत नाही. मला जगवतेय ती, ताई. सहा वर्षांची पोर.

त्या बाईंचा काही दोष नाही गं. तू माघारी फिर."

पलीकडे फक्त रस्ता वाजत होता. धाकटीचा अंगठा आपोआप लाल बटणावर गेला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून बाजूला केला.

"हं… ऐकतेय… शनिवार? नाही, मी विचारणारच नव्हते… हो. हा नको. पुढचाही नको… डॉक्टरीणबाईंना सांगते. आजच सांगते, सगळं, हे शेवटचंसुद्धा… नाही, रडत नाहीये. रडले तरी तू लक्ष देऊ नकोस. तुझं चालू दे."

"ती घंटा कसली?… अगं, म्हणजे शाळेत पोचलीस तू चालत चालत… दिसली ठिपकी? कुठाय?… रिबीन नाही ना वेणीला. माझ्याकडेच राहिलीय.

मी?… आत्ता? नाही ताई, मला नाही जमायचं, मी तिच्याशी काय… हो… हो, बरोबर आहे. तू कितीही सांगितलंस तरी ती मानायची नाही. मीच गप्प केलंय तिला, मीच बोलतं करायला हवं… दे."

धाकटी उठून उभी राहिली. कुणी मोठं माणूस खोलीत यावं तशी.

"ठिपके?… मी, मावशी… नाही गं, रागावले नाही… पानं? लावली. सगळी लागली… हो, एकतीस… रिबीन आहे, नीट ठेवलीय.

ठिपके, ऐक ना. मी तुला एक गोष्ट सांगायची नाही म्हणाले होते ना… हं, तीच… अगं हळू कशाला बोलतेस? आई शेजारी आहे? असू दे… ते मी चुकीचं सांगितलं होतं. मला लाज वाटत होती म्हणून… लाज म्हणजे… कपाटात जाऊन बसावं वाटतं ना, तसं… मोठ्यांना पण वाटतं.

तू आईला सगळं सांग… रस्त्याचं पण… मी ओरडले ते पण… नाही, 'जा' म्हणाले ते सगळ्यांत आधी सांग… नाही मरत. कोण म्हणालं… हो, मीच म्हणाले होते. तेही खोटंच. नाही मरत मी. जेवते, पुस्तक शिवते, झोपते… एकटी असले तरी… रडेन थोडी. रडले तरी तू सांगायचं. माझं रडणं सांभाळायला डॉक्टरीणबाई आहेत, ते तुझं काम नाही.

हं… बूट बरोबर घातलेस आज?… शहाणी.

नाही, आज मी नाही ठेवत आधी. आज तू ठेव… मी बसलेय ना इथं… लाल बटण… हो, तेच. दाब."