काचेतली विळी

मिरजोळ्याच्या एसटीच्या रांगेत राहीच्या पुढ्यात दोन म्हाताऱ्या अशा काही रंगल्या होत्या, की तिनं मोबाईलवरचं गाणंच बंद केलं.

"यमुनाबाई, म्युझियम बघून आलात म्हणे?"

"बघायला कोण जातंय गो? विळी आणायला गेलेले. भिकाजीला लग्नाला उसनी दिलेली, त्यानं जुनी म्हणून म्युझियमला दिलीन. उद्या मोदकांचं खोबरं काय दातांनी खोवू?"

"मिळाली?"

"काचेत होती. खाली पाटी, 'दोनशे वर्षांपूर्वीची विळी. मालकीण यमुना, सरदारांच्या पत्नी.' नाव मीच कोरून घेतलेलं, उसनी गेलेली परत यावी म्हणून."

"मग सांगायचं ना, यमुना ती मीच."

"सांगितलं. साहेब म्हणतो, त्या कधीच वारल्या."

"अगो बाई. मग?"

"मग म्हटलं, वारल्येच मी. पण जीव विळीत अडकलाय हो. दिली नाहीत, तर रोज तिन्हीसांजेला इथंच येऊन खोबरं खोवत बसेन."

"दिलीन?"

"ही काय पिशवीत. वर हातावर नारळ ठेवलान, पुन्हा येऊ नका म्हणून."

"त्या नारळाचं काय करणार?"

"उद्याच्या मोदकांना एक कमीच पडत होता."