मंडळाच्या वर आलेलं पान

काढणार नाही. अध्यक्षांची चिठ्ठी आणा, शिक्का मारून आणा, तीन प्रतींत आणा — पान माझं आहे, मी लिहिलंय, माझ्या वेबसाइटवर आहे, आणि ते तिथेच राहणार. — बसा हो गुणवंतराव, उभ्यानं भांडलं की तुमचा गुडघा दुखतो आणि मग अहिल्यावहिनी मला बोल लावतात. काय चोरी केली मी? मंडळाचं नाव लिहिलं? लिहिलं की. दिल्लीच्या या द्वारकेतल्या आपल्या मंडळाच्या गणपतीची माहिती द्यायची, तर काय गाझियाबादच्या मंडळाचं नाव लिहू? म्हणे, गूगलवर 'द्वारका मराठी गणपती' टाकलं की आधी सुमित्रा देवस्थळी येते आणि मंडळाची अधिकृत वेबसाइट तिसऱ्या पानावर. बिल्कुल बरोबर. येते. रोज सकाळी बघते मी — आणि माझ्या फोनवर नाही हं, आपल्या फोनवर आपण सारखं आपलंच उघडतो, मग तोही आपल्यालाच वर दाखवतो, हे कळायला मला सहा महिने लागले, सहा महिने मी पहिली आले म्हणून पेढे वाटायची बाकी होते — आता दूधवाल्याच्या फोनवर बघते. त्याला काय, त्याला वाटतं म्हातारी रोज दर्शन घेते. आणि तिसऱ्या पानावर जातं कोण? एकेचाळीस वर्षं दिल्लीत आहे, तिसऱ्या पानावर गेलेला माणूस मला भेटला नाही. तुम्ही गेलात, पण तुम्ही सचिव, तुम्हाला जावंच लागतं.

जादूटोणा केला का म्हणून विचारताय? सातवी शिकलेल्या बाईनं अंडर सेक्रेटरीला मागे टाकलं म्हणजे जादूच असणार, नाही का. ऐका. तुमच्या पहिल्या पानाचं नाव काय? मी सांगते. 'मुखपृष्ठ'. आता मला सांगा, या दिल्लीत सकाळी उठून 'मुखपृष्ठ' शोधणारा भक्त कोण आहे? माझ्या पानाचं नाव आहे 'द्वारका मराठी गणपती: दर्शन, आरतीच्या वेळा आणि मेट्रोनं कसं यायचं'. लांब आहे, असू दे. माणूस जे विचारतो तेच वर लिहायचं, बस, एवढीच विद्या. आणि तुमचा कार्यक्रम? तो तुम्ही जावक क्रमांक घालून, सही करून, शिक्का मारून, त्याचा फोटो काढून चिकटवलात. तोही आडवा. अहो, फोटोतली अक्षरं त्या गूगलला धड वाचता येत नाहीत, त्याला दिसतो तुमचा जांभळा शिक्का. चाळीस वर्षं मंत्रालयात परिपत्रकं काढलीत, ती शिपाई टेबलावर आणून ठेवायचा, वाचणाऱ्याला नोकरीसाठी वाचावीच लागायची. इथे कोणी तुमच्या हाताखाली नाही. इथे माणूस मेट्रोत एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं टाकतो — ganpati dwarka kahan hai — इंग्रजी अक्षरांत, हिंदीत, चुकीच्या स्पेलिंगनं. म्हणून मी खाली एक परिच्छेद हिंदीत लिहिलाय. त्याला तुमचा आक्षेप आहे, मला माहितीय, मराठी मंडळ आणि हिंदी परिच्छेद. मांडवात अर्धी रांग आता शर्मा नि अरोरा मंडळींची असते, गुणवंतराव. मोदकांना ते मोमोज म्हणतात, पण येतात.

आणि वेबसाइट वर आणायला ती नोएडाची कंपनी तुम्ही आणलीत — नाव नको, ऐकूनच डोकं उठतं — तिनं काय केलं ते तरी बघितलंत का? तुमच्या पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'गणपती गणपती गणपती' साठ वेळा. बोट दाबून ओढलं की दिसतं. तुम्हाला माहीत नव्हतं ना? मला बघताक्षणी कळलं. कसं म्हणजे — कारण पहिल्या वर्षी मी पण तेच केलं होतं. हो, केलं. एका व्हिडिओत कोणीतरी सांगितलं आणि मी जपमाळ ओढल्यासारखी एकशे आठ वेळा टाकली. चार दिवस वर गेले, मग गूगलनं लबाडी पकडली आणि जे गायब झाले ते तीन महिने माझंच पान मला सापडेना. नंतर शहाणी झाले, सगळं पुसलं, वही घेतली, हिंदी व्हिडिओ थांबवून थांबवून लिहून काढले. फोटो हलके करायचे, नाहीतर पान उघडेपर्यंत स्टेशन येतं. वेळ बदलली की त्याच दिवशी बदलायची. आणि दुसऱ्याच्या चांगल्या पानानं आपल्याकडे बोट दाखवलं की वजन वाढतं. यूपीएससीची पोरं आहेत ना, राजेंद्रनगरात राहतात, त्यांच्या अभ्यासाच्या साइटवर त्यांनी माझा पत्ता दिला. मी सांगितलं नव्हतं. — बरं, एकदा सांगितलं होतं. थालीपीठ खायला घालून सांगितलं होतं. त्यात काय?

मुद्दाम केलं म्हणताय ना? तर ऐका, मुद्दामच केलं. तुम्हाला क्षिप्रा आठवणार नाही. लातूरकडची पोरगी, दिल्लीत येऊन पंधरा दिवस झालेले, गणपतीला घरी जायला मिळालं नाही म्हणून तुमच्या वेबसाइटवर पत्ता बघून नारळ घेऊन निघाली. तुमच्या वेबसाइटवर आदल्या वर्षी मांडव होता त्या शाळेचा पत्ता होता. मांडव हलवलात आणि परिपत्रक काढून मोकळे झालात. शाळेच्या बंद फाटकापाशी दोन तास बसली ती, नारळ मांडीवर घेऊन, तिला वाटलं संध्याकाळी उघडतील. पहारेकऱ्यानं सांगितलं की त्या बिल्डिंगमध्ये एक मराठी आंटी राहते. माझ्या दारात आली आणि रडायला लागली. मी तिला जेवायला वाढलं आणि त्याच आठवड्यात हे पान सुरू केलं. तुमच्याकडे आधी आले होते बरं का मी, मीटिंगला, की हे नीट करू या. तुम्ही हसलात. सगळेच हसलात. कोणीतरी म्हणालं, काकू, तुम्ही मोदकांचं बघा.

मोदकांचंच बघत आले की बावीस वर्षं. आणि फलकावर काय येतं? 'मोदक सौजन्य: श्री. नरसिंह देवस्थळी'. ह्यांना उकड आणि पिठलं यातला फरक सांगता आला नसता. जाऊन सहा वर्षं झाली, अजून सौजन्य त्यांचंच. मी कधी बोलले नाही. — आता बोलले, ठीक आहे. आता तुम्ही म्हणताय पान काढा, तुमचं नाव मार्गदर्शक म्हणून फलकावर घालतो. आधी कधी विचारलं असतंत तर मी पान काय, अख्खी वही तुमच्या हातात दिली असती. नवी साडी नेसून फलकाखाली उभी राहिले असते, फोटो काढून घेतला असता. आता काल एका दिवसात दोनशे चौदा माणसं आली माझ्या त्या पानावर. घरी कोण येतं? दूधवाला. आणि आज तुम्ही, तेही भांडायला. — राहू दे ते, चहा घ्या, गार होतोय.

चलो, एक करू. काढते पान, आत्ता काढते, तुमच्यासमोर. फक्त एक सांगा, कारण काढल्यावर लोक मला फोन करतील आणि मला तुमचं नाव घेऊन सांगावं लागेल. यंदा संध्याकाळची आरती किती वाजता? तुम्हीच बदललीत मागच्या मीटिंगमध्ये, सही तुमची आहे. सात? साडेसात? नाही, अंदाजे नको, गाझियाबादहून लोक निघतात, अंदाजे कसं चालेल. — फोन काढताय? काढा की. बघून सांगा, मला घाई नाही. टाका, 'द्वारका गणपती आरती'. आलं? पहिलंच दाबलंत ना? पटकन उघडलं की नाही, फोटो हलके आहेत. — अहो, वर बघा ना माझ्याकडे, गुणवंतराव. सांगा मग, काढू ते पान, की आधी वेळ वाचून घेता?