लालसमोर पिवळा

...नाही, पण मला सांगा, रिटायर झालेल्या माणसानं सकाळी पेपर वाचायचा, की गॅलरीत उभं राहून दोरीला चिमटे लावायचे? तुम्हाला सांगतो, आमची कन्या पेशींवर संशोधन करते, म्हणजे पेशीतल्या डीएनएची नक्कल कशी होते वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी तिची कॉलेजात मुलाखत. हुशार आहे हो, पण मागच्या खेपेला कुणीतरी म्हणालं, 'घरच्यांना सांगाल तसं सांगा', आणि हिची दातखीळच बसली. नोकरी हुकली. किती रडली पोर! म्हणून यंदा म्हणाली, 'बाबा, आधी तुम्हालाच सांगते.' मी म्हटलं, बरं.

दोन दोऱ्या म्हणे डीएनएच्या, चार रंगांचे चिमटे म्हणजे त्यावरची अक्षरं. 'लालसमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, दुसरी जोडी चालत नाही. जुन्या दोऱ्या सोडवायच्या आणि प्रत्येकीसमोर नवी तयार करायची.' मी म्हटलं, बरं. एका दोरीवर सरळ पुढे जायचं, ते ठीक आहे... दुसरीवर? तिथे म्हणे तुकड्यातुकड्यानं, थोडं लावा, परत फिरा, पुन्हा थोडं लावा, आणि मग तुकडे जोडा. अहो, या गुडघ्यांनी? तर म्हणते, 'दोऱ्या उलटसुलट दिशांच्या, आणि नक्कल करणारे एकाच दिशेनं चालतात, बाबा, त्याला इलाज नाही.'

तेवढ्यात मागून आमची ही, 'निळ्यासमोर लाल लावलात. काढा.' कन्या खूश. 'आई, पेशीतही असंच, चुकलेलं तिथल्या तिथे काढतात.' ही म्हणाली, 'काढणारच. त्याशिवाय संसार होतो का?' आणि पुढे सहज विचारलं, 'पण काय गं, सगळ्या पेशींत सगळंच लिहिलेलं असतं, तर डोळ्याची पेशी डोळ्याचंच काम का करते?'

...आणि पोरीची तीच दातखीळ.

ही मात्र शांतपणे म्हणाली, 'ह्यांच्यासारखं असेल. भांडी, घड्या, इस्त्री, सगळं लिहिलेलं आहे ह्यांच्यात, पण त्या पानावर कुणीतरी ठाण मांडून बसलंय, वाचूच देत नाही.'

कन्येला हसू फुटलं. 'अगं, तसंच असतं! जीनपाशी एक प्रथिन बसतं, ते उठल्याशिवाय तेवढा भाग वाचलाच जात नाही.' आणि जी बोलत सुटली, ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीतही हेच सांगितलंन, बापाच्या उदाहरणासकट. सगळे खो खो हसले म्हणे, आणि नोकरी मिळाली. लांबच्या गावी. गेली पोर. आता घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू?

आणि इकडे आमची ही, 'पानावरच्याला उठवलंय मी, घ्या ती भांडी.' मी म्हटलं, बरं. संध्याकाळी कन्येचा फोन, 'बाबा, आज कुठलं पान उघडलं?' म्हटलं, इस्त्रीचं. हसते पोर. तेवढं हसू ऐकायला मिळतंय म्हणून मी उद्या कोळ्याची जाळीसुद्धा काढीन.

एकेक करून सगळी पानं उघडली हो. 'नाही' म्हणायचं तेवढं एक राहिलंय... त्याच्यावर ही स्वतःच बसलीय.