थेंब बंद ठेवले ते दोन दिवस

हॅलो?… हो, मीच. आवाजाला काही नाही झालेलं. तू आधी ऐक.

बाबा बरे आहेत. समोरच खुर्चीत बसलेत… हो, थेंब चालू आहेत. अगं, सारखं गांजा गांजा काय लावलंयस? औषध आहे ते, डॉक्टरांनी लिहून दिलंय. सकाळ-संध्याकाळ चार थेंब, जिभेखाली… नाही, विसरणं नाही थांबायचं. नुसता संताप कमी होईल म्हणाले, तोही प्रत्येकाचा होतोच असं नाही. बाबांचा झाला. महिनाभर शिव्या नाहीत, मारणं नाही, पडदे उसवणं नाही…

हो, हो, चांगलंच आहे की. पण बोलणंही गेलं ना गं. आधी संध्याकाळ झाली की त्यांच्या मनात ते कधीचं बंद झालेलं शिलाईचं दुकान भरायचं. गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. आणि त्या गोंधळात मध्येच मला म्हणायचे, ‘चिमे, सुई ओव.’ पन्नाशीच्या बाईला… हसू नकोस. मला ती हाक हवी होती.

म्हणून मी… ऐक ना, मध्ये बोललीस तर सांगवणार नाही मला. दोन दिवस थेंब दिलेच नाहीत… डॉक्टरांना? नाही विचारलं. कुणालाच नाही.

पहिल्या संध्याकाळी आली हाक. खरंच. तासभर सुया ओवत बसले मी. इतकं बरं वाटलं, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चोर वाटले. कापड पळवतेय म्हणे. ती मापाची लाकडी पट्टी घेतली आणि… हो, मारलं मला. मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर… त्यांना कशाला बोलतेस? त्यांचा काय दोष? माझंच चुकलं.

हो, डॉक्टरांना सांगितलं सगळं. रागावले. कालपासून थेंब पुन्हा सुरू केलेत.

मघाशी त्यांनी प्लास्टर बघितलं. माझा हात मांडीवर घेतला, अगदी हळू. म्हणाले, ‘कुणी मारलं हो तुम्हाला?’… ‘तुम्हाला’च म्हणाले. नाही गं, नाही ओळखलं… मी म्हटलं, पडले. पटलं नाही त्यांना. बराच वेळ हात कुरवाळत बसले. मग विचारलं, ‘बाई, तुमच्या घरी बघणारं कुणी आहे का?’

…आहेत म्हटलं. वडील आहेत.

अगं, रडू नकोस ना… ठेवते मी.