दमायचा मान कुणाचा?

मंडळी, मागचे जरा पुढं सरका आणि मला सांगा — दमायचा अधिकार देवानं कुणाला दिलाय? सगळ्यांना? खोटं! ऐका.

एका गावात सप्ताह बसला. सात दिवस वीणा अखंड. दोन-दोन तासांचा एकेकाचा पहारा. पुढचा येऊन गळ्यात घेईपर्यंत आधीच्यानं बसायचं नाही, वीणा जमिनीला टेकवायची नाही. भर दुपारी पहारा होता विक्रांत मास्तरांचा. अर्ध्या तासात त्यांनी मांडव झाडणाऱ्या यमुनाक्काला हाक मारली. "मावशी, जरा धरा. मी फार टायर्ड झालोय." आणि गेले खोलीत, कूलरसमोर!

टायर्ड! काय शब्द आहे बघा. दमलेला, कंटाळलेला, वैतागलेला — सगळे अर्थ त्यात मावतात. तो नुसता उच्चारला की लोक सरबत आणतात, "साहेबांना उठवू नका" म्हणतात.

यमुनाक्का सत्तरीची. पाय सुजलेले. पहाटेपासून शंभर माणसांच्या भाकऱ्या थापून आलेली. मास्तरांचा पहारा संपला. पुढच्याचा निरोप आला — लग्नाहून आलोय, टायर्ड आहे. त्याच्या पुढचा? तोही टायर्ड! गावात साथच आली म्हणा ना.

अक्काच्या पोटऱ्यांना गोळे आले. डोळ्यांपुढं मांडवाचे खांब हलायला लागले. आपण पडलो तर वीणा फुटणार, सप्ताह मोडल्याचं खापर आपल्याच माथी — या एका भीतीनं ती उभी. सप्ताहाचे अध्यक्ष तात्या समोरून गेले, तशी ती म्हणाली, "तात्या, दमले वो."

"देवाच्या दारात दमले म्हणतीस? भाव कमी पडतोय तुझा."

बघा! मास्तर दमले तर टायर्ड, अक्का दमली तर भाव कमी?

अक्का वळली. नाम घेत, वीणा छेडत निघाली, खोलीत शिरली आणि घोरणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात तिनं वीणा घातली. ते दचकून उठेस्तोवर नाम तिनं तुटू दिलं नाही.

"उठा मास्तर. मी दमलीया."

मग भिंतीला पाठ लावून खाली बसली.

गावानं काय केलं? दुसऱ्या दिवशी तिला मांडवात पाय ठेवू दिला नाही. वीणेची विटंबना केली म्हणे!

विटंबना कुणी केली, ते मी विचारत नाही. माझ्या मागं बघा. सोपान लोहार वीणा घेऊन सकाळी दहापासून उभा आहे. आता साडेचार झाले. ज्यांचे पहारे होते ते इथं पुढं गादीवर बसलेत, आणि मला नावं ठाऊक आहेत.

मी चिपळ्या खाली ठेवतो. उठा एक जण. तोवर कीर्तन बंद.