खाडीच्या वळणावरची पाटी

होडीची वाट पाहत नर्सबाई धक्क्यावरच्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारीच खारफुटीचा गाइड आणि त्याची थोरली बहीण दबक्या आवाजात भांडत होती.

"वळणावरची मगरीची पाटी कुठे गेली, गाइडसाहेब?"

"मीच काढली, ताई. ती दिसली की पाहुणे होडीतच बसत नाहीत."

"अरे, पिल्लं निघायचे दिवस आहेत! आत्ता ती मगर कुणालाही जवळ येऊ देईल का?"

"म्हणून तर मी होडी लांबूनच नेतो."

"आणि तुझे दाजी? ते खेकड्यांसाठी चिखलात उतरतात. पाटी दिसली की तिथूनच मागे फिरतात."

"आज गेलेत?"

"ओहोटी लागली तसे गेले. चिखलात पडतो म्हणून फोन घरीच ठेवलाय."

गाइडने बाकाकडे पाहिलं.

"तिकडे काय बघतोस? पाटी कुठेय?"

"या बाईंच्या खाली. बाकाची फळी मोडली होती, म्हणून ठोकली."

नर्सबाई ताडकन उठल्या. गाइड वाकून खिळे उपटायला लागला. फळीच्या खालच्या अंगाला रंगवलेला लाल जबडा दिसला.

"खिळे कसले उपटतोस! होडी सोड. आणि तिथे पोचल्यावर चिखलात आधी तू उतरायचंस."